भट्टींतला पदार्थ आणि घरची पंगत

आर्वीच्या एका भगिनींनीं आम्हांस पत्रद्वारें असें विचारिलें आहे कीं, इंग्रजी पद्धतीचे, आंत फळें घातलेले व वरून गोड लेप दिलेले 'स्कोन' घरच्या घरीं करतां येतात काय? त्यांच्या घरीं सासूबाई व आत्याबाई अंडें घातलेला कोणताही पदार्थ घेत नाहींत. मुलांना मात्र बाजारांतले तसले पदार्थ हवे असतात. दोन्ही पक्षांचें समाधान होईल अशी युक्ति त्यांना पाहिजे आहे. वरवर पाहतां हा प्रश्न एका पदार्थाचा दिसतो. परंतु त्याच्या पोटांत एकत्र कुटुंबाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. कृति तर आम्ही सांगणारच आहों. तत्पूर्वीं त्या दुसऱ्या प्रश्नाविषयीं थोडें लिहितों.

सेवानिवृत्त शिक्षकानें पाकक्रियेवर लेखणी चालवावी याचें कोणास नवल वाटेल. परंतु ज्या देशांत 'पाकदर्पण' हा ग्रंथ नलराजाच्या नांवावर सांगितला जातो, आणि भीमासारखा वीर विराटाच्या मुदपाकखान्यांत बल्लव होऊन राहतो, त्या देशांत पुरुषानें स्वयंपाकाविषयीं बोलूं नये असें मानण्याचें कारण नाहीं. शिवाय पुढें जें सांगितलें आहे तें आमच्या घरच्या सुनांनीं व नातवंडांनीं अनेक वेळां करून पाहिलेलें आहे. आम्हीं केवळ प्रमाणें टिपून घेतलीं आणि कारणें शोधिलीं. कारण कळल्यावांचून कृति करणें म्हणजे अर्थ न समजतां रूपावली पाठ करणें होय. प्रश्न जरा फिरवून विचारला कीं असा विद्यार्थी अडतो.

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. गॅव्हिन डग्लस नांवाच्या कवीनें व्हर्जिलच्या लॅटिन महाकाव्याचें स्कॉट भाषेंत जें भाषांतर १५१३ सालीं पुरें केलें, त्यांत हा शब्द आढळतो. त्या काळचा स्कोन म्हणजे ओट किंवा सातू यांच्या पिठाची जाड भाकरीच होती. ती लोखंडी तव्यावर भाजीत आणि तिचे चार तुकडे करीत. भट्टी नव्हती, फुगवटा नव्हता आणि वरचा गोड लेपही नव्हता. आज चहाबरोबर पुढें येणारा मऊ व फुगीर स्कोन हा एकोणिसाव्या शतकांतला, म्हणजे खाण्याचा सोडा व बेकिंग पावडर घरोघर पोंचल्यानंतरचा आहे. ज्यास आपण विलायती म्हणून दूर ठेवितों, तो तीनशें वर्षें तरी आपल्या भाकरीचा चुलतभाऊच होता.

आपल्याकडील भाजक्या पिठाच्या पदार्थांची परंपरा तर ह्याहून फार जुनी. ऋग्वेदांत घृतयुक्त अपूपाचा उल्लेख आहे. श्रौत यज्ञांतील पुरोडाश हा तांदळाच्या अथवा जवाच्या पिठाचा असे. तो तापविलेल्या खापरांवर, म्हणजे कपालांवर, ठेवून भाजीत आणि वरूनही निखाऱ्यांची धग देत. अग्नीचा पुरोडाश आठ कपालांवर, अग्नीषोमांचा अकरा कपालांवर, असा संख्येचाही नियम होता. भाजून झाल्यावर त्यावर तूप सोडीत. त्यास अभिघारण असें नांव आहे. खालून धग, वरून धग आणि शेवटीं वर एक लेप, हा क्रम वाचकांनीं लक्षांत ठेवावा. आमच्या कृतींत तोच यावयाचा आहे.

यज्ञशाळेंतून शेताच्या बांधावर यावयाचें तर आमच्या विदर्भांतला रोडगा आहेच. कणकेच्या लहान पोळ्यांस तेलाचा किंवा तुपाचा हात लावून त्या एकावर एक ठेवावयाच्या, त्यांचा गोळा वळावयाचा आणि तो गोवऱ्यांच्या आरांत पुरून भाजावयाचा. मग राख झटकून तो फोडावा आणि वरण, वांग्याची भाजी व भरपूर तूप ह्यांच्या संगतीनें खावा. रोडग्याचे पापुद्रे जसे तुपाच्या हातामुळें सुटतात, तसेच स्कोनाचे पापुद्रे लोण्याच्या कणांमुळें सुटतात. ज्या घरास रोडगे ठाऊक आहेत त्यास स्कोन अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं.

मग भट्टींतल्या पदार्थाविषयीं आपल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या मनांत एवढी अढी कां बसली? कारणें दोन होतीं आणि तीं एकमेकांत मिसळून गेलीं होतीं. पहिलें कारण पदार्थांत काय घातलें ह्याचें. पोर्तुगीजांच्या मागोमाग गोव्यांत पाव आला. तेथें पीठ फुगविण्याकरितां माडाची सूर, म्हणजे ताडी, वापरीत. विलायती केकांत व कांहीं बिस्किटांत अंडीं, कोठें जनावरांची चरबी. शाकाहारी व निर्व्यसनी घरास ह्या गोष्टी वर्ज्य वाटल्या ह्यांत आश्चर्य नाहीं. दुसरें कारण मात्र हातांचें होतें: पीठ कोणीं मळलें आणि चहा कोणीं ओतला?

ह्या दुसऱ्या कारणाचा कळस १८९० सालीं पुण्यास झाला. पंचहौद मिशनमध्यें निमंत्रणावरून नामांकित मंडळी जमली होती. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक आणि प्रो. गोखले हे त्यांत होते. तेथें चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं घेतलीं नाहींत; परंतु गोपाळराव जोशी यांनीं हजर मंडळींचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापून आणिलीं आणि एकच गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी झाली, प्रायश्चित्ताचा वाद माजला. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें. रानड्यांनीं तें १८९२ सालीं घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांनीं त्यांस बोल लाविला तो निराळाच. ह्या साऱ्या वादाचा मुद्दा चहा कोणाच्या घरचा, हा होता. बिस्किटांत काय आहे, हा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीस 'हिंदु बिस्किट' ह्या नांवाचा कारखानाच निघाला. त्या नांवावरूनच गिऱ्हाइकाच्या मनांत कोणती शंका असे तें कळून येतें.

वास्तविक आमच्या निबंधकारांनीं 'कंदुपक्व', म्हणजे भट्टींत भाजलेल्या पदार्थांस, शिजविलेल्या अन्नाइतकें कडक बंधन घातलेलें नाहीं. भट्टींतले, तेलातुपांत तळलेले व दुधांत शिजविलेले पदार्थ ह्यांस त्यांनीं सवलत दिलेली आढळते. परंतु सवलत मागितली कीं तिच्यामागील बंधन मान्य केल्यासारखें होतें, आणि तें बंधनच मुळांत माणुसकीस सोडून होतें. वर्ध्याच्या लोकांस तरी हें नव्यानें सांगावयास नको. येथील लक्ष्मीनारायणाचें मंदिर जमनालाल बजाज यांनीं १९२८ सालीं अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुलें केलें. ज्या गांवांत देवाचें दार उघडलें, तेथें चुलीचें दार बंद ठेवण्यांत अर्थ कोणता? म्हणून 'कोणीं केलें?' हा प्रश्न आमच्या मतें कायमचा निकालांत निघालेला आहे. 'काय घातलें?' हा प्रश्न मात्र तसा निघालेला नाहीं, आणि निघूंही नये. काय खावें व काय टाळावें हा ज्याच्या त्याच्या नेमाचा भाग आहे. त्या नेमास हसणें जितकें चुकीचें, तितकेंच त्या नेमाच्या आड जुनी शिवाशीव लपविणेंही चुकीचें होय.

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें एक सुरेख उत्तर वर्ध्यासच मिळालेलें आहे. १९३४ सालीं येथें ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९४१ सालीं गोसेवा संघ. गोसेवेचें काम जमनालालजींनीं अंगावर घेतलें. ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं त्यांचें देहावसान झालें तोंपर्यंत तेंच त्यांचें व्रत होतें. ह्या भागांतली गाय म्हणजे गवळाऊ जातीची, पांढरी, अंगानें हलकी व चपळ. आर्वी, आष्टी, कारंजा ह्या तालुक्यांत नंद गवळी समाजानें ही जात पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, आणि हेटीकुंडी येथें तिचें पैदास केंद्रही आहे. आतां गाईच्या दुधाची अडचण अशी कीं तें टिकत नाहीं; तूप टिकतें, आणि तुपांत भाजलेला पदार्थ तर प्रवासांतही नेतां येतो. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा 'गोरसपाक' हा तसा पदार्थ आहे. गाईचें तूप, गव्हाचें पीठ व साखर ह्यांचा हा खुसखुशीत, भट्टींत भाजलेला जिन्नस. वर्ध्याहून परतणारा पाहुणा त्याचा पुडा घेतल्यावांचून सहसा स्टेशनावर जात नाहीं. ज्या आजीबाई जन्मांत पावास शिवल्या नाहींत, त्याही गोरसपाक आवडीनें घेतात. त्यांचें व भट्टीचें वैर कधीं नव्हतेंच. आंत काय आहे हें ठाऊक असावें, एवढाच त्यांचा आग्रह होता.

आतां उलट उदाहरण पाहावें. आमच्या परिचयाच्या एका मोठ्या कुटुंबांत दिवाळीनंतर पाहुणे आले. त्यांनीं शहरांतल्या एका दुकानांतून पेटी आणिली होती. आंत बेदाणे घातलेले व वर चकचकीत पाक ओतलेले बन होते. चौदा माणसें चहास बसलीं. ऐंशीच्या घरांतल्या आजींनीं नातसुनेस हळूच विचारिलें, "काय ग, ह्यांत अंडें तर नाहीं ना?" तिनें पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हटलें, "कांहींच लिहिलेलें नाहीं हो, आजी." "मग माझें राहूं दे. तुम्ही घ्या सगळे," असें म्हणून आजींनीं बशी पुढें सरकविली व त्या उठून माजघरांत गेल्या. त्या रागावल्या नव्हत्या, रुसल्याही नव्हत्या. परंतु सहा वर्षांच्या पणतूनें मोठ्यानें विचारिलें, "पणजी कां उठली?" आणि पाहुण्यांसुद्धां कोणासही चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. त्या दिवशीं पेटींतले निम्मे बन तसेच उरले.

बंद पुड्यांतील शाकाहारी जिन्नसावर आपल्या देशांत हिरवी खूण असते, आणि अंडें असल्यास तपकिरी खूण छापावी लागते. परंतु दुकानांतून सुटा आणलेला पदार्थ मुका असतो. त्याचें पोट त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाहीं. वरच्या गोड लेपांतही कधीं अंड्यांतला पांढरा भाग, तर कधीं जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढिलेलें जिलेटिन असूं शकतें, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. अशा वेळीं ज्येष्ठांना 'तेवढ्यानें काय होतें?' असें म्हणणें हा आग्रह नव्हे, अनादर आहे. आणि मुलांना 'बाहेरचें खाऊं नका' एवढेंच सांगत राहणें हा उपदेशही टिकणारा नव्हे. पदार्थ घरीं करणें हाच मधला मार्ग.

ह्यासंबंधानें एक विलायती गोष्ट सांगण्यासारखी आहे. बर्मिंगहॅम शहरांत आल्फ्रेड बर्ड नांवाचे एक रसायनज्ञ औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ ह्यांना अंडीं सोसत नसत आणि खमीरही सोसत नसे. म्हणजे त्यांच्या देशांतले केक, पाव व कस्टर्ड हे त्यांना बंदच. बर्ड ह्यांनीं १८३७ सालीं अंड्यावांचून होणारें कस्टर्ड काढिलें, आणि १८४३ सालीं खमिरावांचून पीठ फुगविणारी पूड, म्हणजे बेकिंग पावडर, तयार केली. ज्या डबीस आपल्याकडे विलायती म्हणून नाक मुरडण्यांत आलें, तिचा जन्म घरांतल्या एका माणसासही पंगतींतून उठावें लागूं नये ह्या इच्छेंतून झालेला आहे. आर्वीच्या भगिनींचा प्रश्न आणि बर्डसाहेबांचा प्रश्न एकच आहे.

आतां कृति. एकत्र कुटुंबास पुरतील असे सुमारें सोळा स्कोन पुढील प्रमाणानें होतात. मैदा ३०० ग्रॅम, कणीक २०० ग्रॅम, घट्ट लोणी १२५ ग्रॅम, साखर ८० ग्रॅम, बेकिंग पावडर ४ लहान चमचे सपाट, खाण्याचा सोडा अर्धा लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, बेदाणे १२५ ग्रॅम, दोन संत्र्यांची किसलेली साल, आणि दाट आंबट ताक सुमारें ३०० मिलिलिटर. वरच्या लेपाकरितां पिठीसाखर २०० ग्रॅम व संत्र्याचा गाळलेला रस अडीच ते तीन मोठे चमचे.

कणीक कां, असें मुलें विचारतील. नुसत्या मैद्याचा स्कोन अधिक फुगतो खरा. परंतु कणकेनें चव येते व कोंडाही पोटांत जातो. मगनवाडींत ग्रामोद्योग संघानें हातजात्याच्या पिठाचा पुरस्कार केला तो ह्याच कारणास्तव. महात्माजींनीं तर जोहान्सबर्गला असतांनाच घरच्या पावासाठीं ७ पौंड देऊन हाताचें जातें विकत घेतलें होतें, आणि घरचीं माणसें व मुलें मिळून तें ओढीत. आम्ही जातें ओढण्यास सांगत नाहीं; पांच भागांत दोन भाग कणीक घालावी, एवढेंच सांगतों.

प्रथम संत्रीं कोमट पाण्यानें चोळून धुवावीं आणि सोलण्यापूर्वींच त्यांची साल किसावी. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळें सोलल्यानंतर ती किसणीवर धरतां येत नाहीं. केवळ वरचा नारिंगी भाग घ्यावा, आंतला पांढरा कडू असतो. मग रस काढून लेपापुरता बाजूस ठेवावा, आणि उरलेल्यांत बेदाणे अर्धा तास भिजवून, निथळून, फडक्यानें कोरडे करावे. ओल्या बेदाण्यांनीं पीठ चिकट होतें.

पीठ, बेकिंग पावडर, सोडा, मीठ व साखर एकत्र करून दोनदां चाळावीं. त्यांत थंड लोण्याचे लहान तुकडे टाकून बोटांच्या टोकांनीं, तळहात न लावतां, रवाळ होईपर्यंत चोळावे. येथें बहुतेकांची चूक होते. आपण शंकरपाळ्यांना कडकडीत मोहन घालतों, तेव्हां स्निग्धांश पिठांत पुरता मुरावा अशी आपली इच्छा असते. स्कोनांत नेमकें उलट पाहिजे. लोण्याचे वाटाण्याहून लहान असे कण पिठांत तसेच राहिले पाहिजेत. भट्टीच्या धगीनें ते वितळतात, त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि त्यांच्या जागीं पापुद्रे सुटतात. घरचें लोणी घ्यावयाचें तर तें गार पाण्यांत दोनतीन वेळां धुऊन, दाबून, ताकाचा अंश काढून टाकावा आणि घट्ट होईपर्यंत थंड ठेवावें.

नंतर बेदाणे व साल मिसळून मध्यें आळें करावें आणि ताक थोडें थोडें ओतीत सुरीनें किंवा उलथन्यानें कालवावें. सगळें ताक लागेलच असें नाहीं; पिठाच्या जातीप्रमाणें कमीजास्त होतें. गोळा पोळीच्या कणकेपेक्षां सैल व जरा खडबडीत असावा. तो मळूं नये. केवळ गोळा करून एकदोनदां घडी घालावी. गव्हाच्या पिठांत पाणी पडून तें मळलें गेलें कीं चिकटी धरतें. पोळीला ती चिकटी हवी, स्कोनाला नको. चिकटी वाढली कीं स्कोन वातड होतो.

ताक पडतांच आम्ल व सोडा ह्यांचा संयोग सुरू होतो आणि कार्बन डायऑक्साइड वायु सुटूं लागतो. हाच वायु पीठ फुगवितो. ढोकळा फुगतो तोही ह्याच न्यायानें. म्हणून गोळा तयार झाल्यावर पुढचें काम लांबवूं नये. भट्टी आधींच तापवून ठेवावी. गोळा थापून दोन सेंटिमीटर जाड वडी करावी आणि वाटीनें किंवा धारदार सुरीनें सरळ दाबून तुकडे कापावे. वाटी गोल फिरवूं नये. फिरविल्यानें कडा दाबल्या जाऊन मिटतात आणि स्कोन एका बाजूस कलतो. वर आलेले बेदाणे आंत दाबावे, नाहींतर ते करपतात. तुकड्यांवर दुधाचा हात फिरवून २०० अंश सेल्सिअसच्या भट्टींत १५ ते १८ मिनिटें भाजावे. वरचा रंग बदामी झाला आणि खालून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला म्हणजे झाले असें समजावें.

ज्या घरीं भट्टी नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें जाडीचा मिठाचा किंवा चाळलेल्या वाळूचा थर द्यावा, वर तिवई व तिच्यावर ताटली ठेवावी, घट्ट झांकण घालून पंधरा मिनिटें तापवावें आणि मग स्कोन आंत ठेवून पंचवीस मिनिटें मध्यम आंचेवर भाजावे. पूर्वीं झांकणावर निखारे ठेवीत, त्यामुळें वरही रंग येई. गॅसवर तें शक्य नाहीं. म्हणून शेवटीं स्कोन उलटून दोन मिनिटें तव्यावर शेकावे. केवळ तव्यावरच करावयाचे तर वडी जरा पातळ थापावी व मंद आंचेवर झांकून दोन्ही बाजूंनीं भाजावी. मूळचा स्कोन तसाच होत असे.

लेपाचें काम सर्वांत सोपें, पण उतावळेपणानें बिघडणारें. पिठीसाखर चाळून घ्यावी व तींत संत्र्याचा रस चमच्याचमच्यानें घालून घोटावी. चमचा उचलला असतां धार सावकाश पडावी आणि पडलेली रेघ क्षणभर दिसून मग विरावी, इतका तो दाट असावा. येथें तार पाहण्याचें काम नाहीं, कारण हा पाक शिजवावयाचाच नसतो. स्कोन गरम असतांना लेप ओतला तर साखर वितळून आंत जिरते आणि वरचा भाग गिलगिलीत होतो. स्कोन कोमटाहून थंड झाल्यावरच ओतावा. अर्ध्या तासांत तो सुकून पांढुरका पापुद्रा धरतो, आणि संत्र्याच्या आंबटपणामुळें गोडी अंगावर येत नाहीं.

हा पदार्थ करण्यास आमच्या जिल्ह्यांत थंडीचे दिवस उत्तम. आर्वी, आष्टी व कारंजा ह्या पट्ट्यांतील आंबिया बहाराचीं संत्रीं त्या सुमारास बाजारांत असतात, आणि गारठ्यामुळें लोणीही घट्ट राहतें. मृग बहाराचीं संत्रीं फेब्रुवारी-मार्चांत मिळतात, परंतु तोंवर ऊन चढूं लागतें. मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीकडे झुकला कीं लोणी हातांतच वितळतें, तेव्हां हा बेत टाळावा. केल्या दिवशीं खाल्लेला स्कोन सर्वांत चांगला. दुसऱ्या दिवसाकरितां ठेवावयाचे ते लेपावांचून डब्यांत ठेवून खातेवेळीं तव्यावर गरम करावे. मधुमेही मंडळींकरितां चारसहा बिनलेपाचे व कमी साखरेचे आधींच वेगळे काढावे. मात्र बेदाणे व मैदा हेही गोडाच्याच हिशेबांत धरावयाचे असतात, हें त्यांनीं विसरूं नये.

आर्वीच्या भगिनींस शेवटीं एवढेंच सुचवितों कीं, हें काम एकटीनें उरकूं नये. चाळण मुलांच्या हातीं द्यावी, लोणी जावांनीं चोळावें, भट्टीकडे पुरुषांपैकीं कोणी तरी घड्याळ घेऊन बसावें. आणि लेपाची वाटी सासूबाईंच्या व आत्याबाईंच्या हातीं द्यावी. ज्यांनीं स्वतःच्या हातानें वरचा पाक ओतला, त्यांना आंत काय आहे हें विचारावें लागत नाहीं.

रस काढून झाल्यावर संत्र्यांच्या सालींचा ढीग उरतो. तो टाकून देऊं नये. त्या सालींच्या मुरंब्याची कृति पुढील अंकीं देऊं.